कलम सात : कोणीही विचारू नये

ती. आत्यास,

तुझ्या पायांवर डोकं ठेवते (गुडघे ठणकत असतील तर लांबूनच). तुझा रक्तदाब, आजोबांचा दमा आणि बाबांचं ‘मला काही झालेलं नाही’, हे तिन्ही आजार कसे आहेत ते सविस्तर कळव.

एवढं शिकून तू तिथे करतेस तरी काय, असं तू विचारलं होतंस. धुलाईच्या कारखान्यात चादरींच्या गठ्ठ्यांना चिठ्ठ्या लावते आणि युनियनची चिटणीस आहे. अध्यक्ष, म्हणजे आमचे बॉयलरवाले काका, म्हणाले, “तुला शुद्धलेखन येतं, आम्हाला नुसत्या घोषणा.” झालं, निवडणूक संपली. तर मालकांनी नवं धोरण काढलं : वर्षात तीनदा आजारी पडलं की नाव ‘कमी कामगिरी’च्या यादीत. शिवाय परतल्यावर मुकादम खोलीत बोलावून काय झालं होतं, कुठे दुखत होतं, सगळं विचारणार. (इस्त्रीवाल्या मावशींना त्याने तीन पुरुषांसमोर विचारलं. त्यांनीही इतकं बैजवार सांगितलं की उरलेला दिवस मुकादमच रजेवर गेला.) पाच बैठका झाल्या. तिसऱ्या बैठकीत मी माणुसकीवर बोलताना टेबलावर हात आपटला आणि पाण्याचा पेला मॅनेजरांच्या कागदांवर आडवा झाला. शेवटी यादी रद्द झाली, आणि नव्या करारातलं कलम सात मी स्वतःच्या हाताने लिहिलं : ‘आजारातून परतलेल्या कामगारास त्याच्या प्रकृतीविषयी कोणीही विचारू नये.’ ‘कोणीही’च्या आधी ‘वरिष्ठांपैकी’ हा शब्द लिहायचा राहून गेला, आत्या. सह्या झाल्या, शिक्के बसले, कागद पाण्याच्या पिंपाशेजारी भिंतीवर चिकटला. एक कलम मोडलं तरी सगळा करार रद्द, असं मालकांनी खाली छापून घेतलंय.

मागच्या आठवड्यात मला ताप आला. चार दिवस खोलीत छताकडे बघत पडून होते (छताला एकूण सात भेगा आहेत, आठवी बहुधा कोळ्याचं जाळं). पाचव्या दिवशी कामावर गेले. मावशींनी कोमट पाणी आणून ठेवलं, भिंतीकडे पाहिलं आणि हवा फार कोरडी झालीय म्हणाल्या. बॉयलरवाले काका बराच वेळ घुटमळले. मग माझ्याकडे बघत म्हणाले, “चादरी बऱ्या आहेत ना?”

“बऱ्या आहेत,” मी म्हटलं. “थोडा अशक्तपणा आहे चादरींना.”

“जपायला सांग त्यांना,” म्हणाले, आणि गेले.

त्यानंतर दिवसभर कोणी तब्येतीचा विषय काढला नाही. माझ्या शुद्धलेखनाचा एवढा मान आजवर कुणी ठेवला नव्हता.

तुझी,
चिटणीस भाची

ता. क. मी मजेत आहे. तापाचं बाबांना सांगू नकोस.

ता. क. २. कलम दुरुस्त करून घे, असं सुचवू नकोस. करार उघडला की ते यादी परत आणतील, आणि मावशी यंदा दोनदा आजारी पडून झाल्यात. कलम आहे तसंच राहू दे.

ता. क. ३. तू आमच्या कारखान्यात नाहीस, तुला करार लागू नाही. रविवारी फोन कर आणि विचार. मी ‘बरी आहे’ म्हणेन. तेव्हा ठेवू नकोस, आणखी एकदा विचार.