सात नंबरचे पाच थेंब

४ मार्च
नव्या नोकरीत मला जाऊ मिळाली! मोहरीचं बी आज वर अंतराळस्थानकात पोचलं. बारा बिया तिकडे पेरल्या, बारा परवा माझ्याकडे. वरची रोपांची पेटी सांभाळणाऱ्या बाईंना मी कधी पाहिलेलं नाही, पण संसार एकच, म्हणून मी त्यांना जाऊबाई म्हणते. प्रयोगशाळेच्या मॅडम ऐकून हसल्या नाहीत. मॅडम सहसा हसत नाहीत.

६ मार्च
पेरणी झाली. नियम एकच — वर जे होईल ते इथे बरोबर दोन दिवसांनी करायचं. वर गारठा, तर इथेही गारठा. वरचा दिवा चार तास गेला, तर इथलाही घालवायचा. मग जो फरक उरेल तो फक्त वजन नसण्याचा. प्रत्येक नंबरच्या दोन्ही बिया एकाच शेंगेतल्या, म्हणजे वरचं सात आणि इथलं सात सख्खी भावंडं. रोपवाटिकेत अकरा वर्षं काढली, पण बियांची एवढी वंशावळ ठेवणारं कुणी पाहिलं नव्हतं.

१२ मार्च
पहिले फोटो आले. (रोज फक्त आकडे येतात, फोटो मागाहून एकगठ्ठा.) वरची मुळं सैरावैरा — खाली कुठे हेच त्यांना ठाऊक नाही. पानं मात्र बरोबर दिव्याकडे. गुणी पोरं. सात नंबर दोन्हीकडे किरकोळ.

२० मार्च
परवा वरचा पाण्याचा पंप बंद पडला. मॅडमनी वर कळवलं, तीन दिवस हाताने पाणी देऊ नका. रोपं तहान कशी सोसतात ते आयतंच बघायला मिळेल. म्हणजे आजपासून इथेही पाणी बंद.

नवरा म्हणाला, "झाडं वाळवायचा पगार मिळतो तुला?" त्याला जेवायला वाढलं, पण पाण्याचा पेला ठेवला नाही.

२१ मार्च
माना टाकायला लागली.

२२ मार्च
सात नंबर आडवंच झालं. दुपारी मॅडम जेवायला गेल्या. पाण्याची सिरिंज टेबलावरच होती. पाच थेंब. हात आपोआप गेला असं लिहिणार होते, पण स्वतःच्या वहीशी कशाला खोटं बोलू. मीच घातले.

२३ मार्च
सकाळी अकरा रोपं लोळलेली, सात नंबर ताठ. "हे बघितलंत का?" मॅडम तीनदा म्हणाल्या. मी पेटीची काच पुसत राहिले. मग ठरल्याप्रमाणे सगळ्यांना पाणी सुरू केलं.

२५ मार्च
फोटो आले. वरचं सातही तिसऱ्या दिवशी आडवं आणि चौथ्या सकाळी ताठ!

मॅडम चक्क हसल्या. "दोन्ही भावंडं! त्या शेंगेतच काहीतरी आहे. तहान सोसणारं वाण मिळालं तर वरच्या लोकांना ताजी भाजी खाता येईल." लगेच अहवाल लिहायला बसल्या. वरचं बिचारं स्वतःच्या हिमतीवर उठलं, आणि इथे मी लबाडी करून ठेवलेली.

२६ मार्च
नवऱ्याला सांगितलं. वाटलं चेष्टा करेल. म्हणाला, "सांगून टाक. नाहीतर तूही मान टाकशील."

सांगितलं. मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "किती थेंब?" पाच, म्हटलं. त्यांनी अहवालाचे कागद उलटे करून ठेवले. "इथलं सात नंबर बाद. वर तसं कळवते. तुमचं काय करायचं ते दोन दिवसांत बघू."

बाहेर येऊन रडले. नोकरी गेली तर या बारांना कोण बघेल, हेच मनात. मग सपाटून भूक लागली.

२७ मार्च
पेटी पुसली. सिरिंज कपाटात ठेवली आणि किल्ली मॅडमच्या टेबलावर.

२८ मार्च
वरून निरोप आला. मॅडमनी उभ्याउभ्या वाचून दाखवला. "खालच्या ताईंचं कळलं. आता मलाही गप्प बसवत नाही. वीस तारखेला दुपारी मीसुद्धा सात नंबरला पाणी घातलं. आठ थेंब. बघवेना."

मॅडमनी किल्ली माझ्या हातात दिली. "वर होईल ते इथे दोन दिवसांनी, असा नियम आहे. तुम्ही तीन थेंब कमी घातलेत."