बाबेलला गेलेलं पत्र

रविवार, संध्याकाळ

कधी एकदा लिहिते असं झालंय! आज बायबलच्या शास्त्रपाठाला म्हैसूरच्या गोकुलम भागात जमलो होतो, नगरकडची आम्ही चार कुटुंबं. यिर्मया संदेष्ट्याचं पत्र माझ्याकडे आलं वाचायला. कैद करून परमुलखात, बाबेलला नेलेल्या आपल्या लोकांना तो कळवतो, तिथंच घरं बांधा, बागा लावा. नगरला कितीदा ऐकलं होतं, पण तेव्हा ते दुसऱ्यांचं पत्र होतं. आज बागांपाशी आले आणि तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचत राहिले. नऊ वर्षं म्हैसुरात राहून मी एक झाड लावलं नाही. का, तर परत जायचंय म्हणून?

"काय झालं गं?" सुनीलनं विचारलं.

"कडकोळजवळची ती जागा अजून मिळेल का?"

शहराबाहेरची ती जागा घेऊन घर बांधू म्हणून दोन वर्षं तो मागं लागला होता, मीच नको म्हणत होते. नवरा माझा लगेच उठला. मग सगळ्यांसमोर त्यानं जागेच्या मालकाला फोन लावला, अडखळत, कन्नडमधून!

जागा आहे. उद्या सकाळी बघायला जातोय.