खालच्यानं काय म्हणायचं

प्रिय आई,

तू आत सॅक भरते आहेस आणि मी स्वयंपाकघरात बसून हे लिहिते आहे. उद्या तू त्या सुळक्यावर चढणार, या विचाराने मी आज चारदा हवामानाचा अंदाज पाहिला.

मला पदवी मिळाली, नोकरी लागली, तेव्हा वाटलं होतं की आता तुझं शिलाई मशीन बंद करायचं आणि तुला आराम द्यायचा. मशीन तू बंद केलंस, पण साठीच्या उंबरठ्यावर हातात दोर घेतलास. मावशी म्हणाली, "लोकांना चष्मा लागतो, हिला डोंगर लागलाय!" तू हसलीस. "अगं, जन्मभर मान खाली घालून टाके घातले. आता जरा वर बघू दे की."

गेल्या रविवारी चढाईच्या सरावाच्या भिंतीवर तुला एवढ्या उंच पाहून मी ओरडले, "आई, सांभाळून!" तू दचकलीस, पाय निसटला आणि खालून धरलेल्या दोरावर लोंबकळलीस. खाली आल्यावर म्हणालीस, "खालच्यानं आपली भीती वर पाठवायची नसते, बाळा. 'दोर धरलाय' एवढंच म्हणायचं."

हे पत्र तुझ्या सॅकच्या कप्प्यात ठेवणार होते. आता वाचून पाहिलं, तर यातली ओळ न् ओळ 'सांभाळून' म्हणतेय. म्हणून ते माझ्याकडेच राहू दे.

सकाळी तू दारात बूट घालशील, तेव्हा मी फक्त "आई, दोर धरलाय" म्हणेन. आवाज कापला, तर तेवढं चालवून घे.

खाली उभी असलेली,
तुझी लेक