ज्वरमीमांसेचे मुखपृष्ठ

११ जून
नंदुरबारला आरोग्य कार्यशाळेची बातमी करायला गेलो आणि जीवनकार्य घेऊन परतलो. एक पाहुणे डॉक्टर म्हणाले, मलेरिया, डेंग्यू, सर्पदंश, काय नाही या जिल्ह्यात? पण त्यावर इथून एकही संशोधनपत्रिका निघत नाही. सभागृह चहाकडे गेलं. मी खुर्चीतच. रोग आहेत, रुग्ण आहेत. उणीव फक्त संपादकाची.
एसटी शहाद्याला पोचेपर्यंत नाव सुचलं : ‘ज्वरमीमांसा’. उष्णकटिबंधीय रोगांचे त्रैमासिक. घरी आल्याआल्या सौ. दगूबाईस सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि पंखा दुरुस्तीला टाकायची आठवण करून दिली.

१२ जून
संपादक-परिचयाचा मसुदा केला. एम. ए. संस्कृत. अनेक वर्षे शहाद्याचे वार्ताहर. ‘वैद्यकाशी संबंध’ या ओळीवर सकाळ गेली. शेवटी ‘स्वतःची प्रकृती उत्तम’ असं लिहिलं.

१९ जून
पहिला लेख आला. पाठवणारे डॉ. नवलसिंग पावरा, सातपुड्याच्या पायथ्याशी सरकारी दवाखान्यात असतात. तरुण आहेत, घाईत बोलतात. फोनवर सगळं समजावलं : पावसानंतर आपल्याकडे ताप आला की टायफॉइड म्हणून सलाईन लावतात. त्यातले कित्येक टायफॉइड नसतातच. गवतातला बारीक किडा चावतो, दुखत नाही, खाजत नाही, नुसती एक काळी खपली उरते. रोगाचं नाव स्क्रब टायफस. खपली दिसली तर साध्या स्वस्त गोळ्यांनी माणूस उठून बसतो. नाही दिसली तर किडन्या जातात, माणूसही जातो. आणि ती दिसत नाही, कारण कपडे बाजूला करून कोणी बघत नाही.
गवत कापणी सुरू व्हायच्या आत हे प्रत्येक दवाखान्यात पोचलं पाहिजे, असा त्यांचा आग्रह. मी म्हटलं, निःशंक असा.
लेख एकच पान आहे, हे मात्र खटकलं. सोबत खपलीचा फोटो. भाषाही बेताची. ‘काख बघा, कंबर बघा, गुडघ्यामागे बघा.’ संशोधन असं बोलत नाही.

२७ जून
अर्थव्यवस्था. कापडवाले जवरीलाल शेठ यांच्याकडे गेलो. अर्धा तास उष्णकटिबंध समजावून सांगितला. ते गादीवर बसून डोळे मिटून ऐकत होते. मग डोळे उघडून त्यांनी फोटो कुठे येणार ते विचारलं. मुखपृष्ठावर, म्हटलं. रंगीत का? रंगीत. मातोश्री सोहनबाई यांचा वरती, ‘कृपाशीर्वाद’ म्हणून? अवश्य.
विज्ञानाला राजाश्रय असाच मिळत आला आहे.
मात्र फोटो छापलेला बघितल्याशिवाय पैसे सुटणार नाहीत. बाकीच्या देणगीदारांचंही तेच. बसस्टँडमागच्या प्रेसवाल्या नासिरभाईंनी तोडगा काढला : आधी मुखपृष्ठ छापून टाकू, अंक काय, मागून येतोच.

१५ जुलै
मुखपृष्ठ तयार! जाड, गुळगुळीत कागद. चौदा मान्यवर. मध्यभागी डास होता, तो जागेअभावी सरकत सरकत जवरीलालजींच्या खांद्यावर बसला. त्यांना आवडला नाही. काढला. रोगाचं आता काहीच चिन्ह उरलेलं नाही, पण एकंदर देखावा अत्यंत आरोग्यपूर्ण आहे. खाली ठळक अक्षरात : संपादक.
नासिरभाईंनी गठ्ठे बांधले. विचारलं, “गुरुजी, अंदर क्या डालना?”
कारागिराला तपशिलाची घाई असते.

१६ जुलै
निश्चय : आजपासून रोज पहाटे दोन तास संपादन.

१७ जुलै
उद्यापासून.

३० जुलै
डॉक्टरांचा लेख संस्कारित केला. ‘खपली’ला ‘कृष्णवर्ण व्रणकिट्ट’ केलं. ‘गवतातला किडा’ आता ‘तृणाश्रयी सूक्ष्मकीटक’ आहे. एका पानाची साडेचार पानं झाली, आशय कुठेही वाढू न देता. अभिमान वाटला. त्यांना पाठवलं.
रात्री उत्तर आलं : ‘सर, खपलीच राहू द्या. आमच्या पेशंटला व्रणकिट्ट होत नाही.’
विनोदबुद्धी आहे मुलात. पुढे लेखक होईल.

१८ ऑगस्ट
डॉक्टरांचा फोन. गवत गुडघ्यापर्यंत आलं म्हणतात. मागच्या खेपेला पोटरीपर्यंत होतं. काव्यदृष्टी दिसते. नुसतं ते पान तरी दवाखान्यांत वाटा, म्हणाले. मी समजावलं की प्रकाशनाआधी अंक वाटणं म्हणजे लग्नाआधी बारसं. शाल, नारळ, दीपप्रज्वलन, हे सगळं क्रमाने व्हायचं असतं. पलीकडून फोन कट झाला. रेंज नसावी.

५ सप्टेंबर
प्रमुख पाहुण्यांनी तारीख दिली, पण जवरीलालजींचं पर्युषण चालू. सध्या त्यांचं समारंभात लक्ष नाही. पुढे ढकलली.

१८ सप्टेंबर
पाहुणे तयार, जवरीलालजी तयार, तर पितृपक्ष लागला. इतरांची हरकत नव्हती. मीच म्हटलं, शास्त्र जाणणाऱ्याने तरी पाळलं पाहिजे. आता घटस्थापनेनंतर. डॉक्टरांना कळवलं. त्यांनी फोन उचलला नाही. दवाखान्यात गर्दी असावी.

२३ सप्टेंबर
दगूबाईचा धाकटा भाऊ रायसिंग तापाने पडलाय. पायथ्याच्या गावी असतो. गेल्या आठवड्यात बांधावरचं गवत कापलं, मग अंग मोडून आलं. तिथल्या खासगी दवाखान्यात टायफॉइडचं सलाईन चालू आहे, उतार नाही. दगूबाई अस्वस्थ. मी धीर दिला की टायफॉइड हा जुना, प्रतिष्ठित रोग आहे, त्यावर उपचार पक्के आहेत.
संपादकीयाचा दुसरा परिच्छेद आज फार सुंदर जमला. विषय : रोगनिदानातील दक्षता.

२५ सप्टेंबर
रायसिंगला धाप लागतेय. धुळ्याला न्यायचं बोलणं चाललंय. दगूबाई सकाळपासून जेवलेली नाही. माझं मन लागेना, म्हणून जवरीलालजींकडे जाऊन शालींचे नमुने पाहिले.

संध्याकाळी
परत आलो तर दगूबाई माझ्या टेबलाशी बसलेली. हातात डॉक्टरांचं मूळ पान, ते एक पानी, बेताच्या भाषेतलं. फोन कानाला. पलीकडे भावजय. दगूबाई पान बघून एकेक जागा सांगत होती, भावजय तिकडे बघत होती. काखेत काही नाही. गुडघ्यामागे नाही. कंबरेला? तिथे करदोडा आहे, भावजय म्हणाली. दगूबाई म्हणाली, करदोडा वर सरकाव.
भावजयीने सरकवला.
करदोड्याखाली होती. काळी. कोणी बिडीचा चटका द्यावा तशी.
पानाच्या तळाशी डॉक्टरांचा नंबर होता, तिने तो लावला. ते मोटारसायकलवर निघालेसुद्धा.
फोन ठेवून तिने माझ्याकडे पाहिलं.
“हाऊ कागद जूनपाईन तुमना टेबलवर शे?”
मी म्हटलं, जूनपासून आहे खरा, पण संपादनाच्या काही अवस्था असतात. तिने पान घडी करून पदराला बांधलं. रात्री भाजी वाढली.

२८ सप्टेंबर
रायसिंगचा ताप उतरला. धाप कमी. गोळ्या लागू पडल्या. भाकरी मागितली म्हणे.
‘ज्वरमीमांसे’ने प्रकाशनापूर्वीच एक जीव वाचवला. संपादकीयात घालावं का? आत्मस्तुती वाटेल. सूचकपणे घालावं.
दगूबाई दुपारी कुठेतरी गेली होती. विचारलं नाही. तीही अजून तुटकच बोलते.

२ ऑक्टोबर
जवरीलालजींचा फोन. फार चिडले होते. त्यांचा पुतण्या ताप दाखवायला दवाखान्यात गेला, तिथे भिंतीवर खपलीचं चित्र. सुटलेला कोपरा उलटून बघितला, तर मागे सोहनबाई.
प्रेसवर गेलो. नासिरभाई चहा पीत होते. अगदी सहज म्हणाले, भाभीजी ते पान घेऊन आल्या होत्या, आजच छापून द्या म्हणाल्या. दुकानात तेवढा कोरा कागद नव्हता. पण आपले गठ्ठे पडून होते ना, एक बाजू तर कोरीच होती. डॉक्टरसाहेब स्वतः खाली आले आणि गठ्ठे मोटारसायकलला बांधून घेऊन गेले. गठ्ठेही डॉक्टरांनी आणि भाभींनी मिळूनच बांधले, संध्याकाळपर्यंत.
मला कोणी का सांगितलं नाही? तर मी त्या वेळी पुन्हा शाली बघायला गेलो होतो.

५ ऑक्टोबर
वार्ताहर या नात्याने चार दवाखाने पाहिले. सगळीकडे लागलंय. लोक उभे राहून वाचतात, बाया एकमेकींना दाखवतात, एक म्हातारा तिथेच सदरा वर करून कंपाउंडरला कंबर दाखवत होता. नीट विचार केला तर प्रथमांक प्रसिद्ध झाला आहे, प्रत उरलेली नाही आणि वाचक झुंबड करतायत. असं भाग्य किती संपादकांना लाभतं?
एका दवाखान्यात कंपाउंडरला म्हटलं, जरा उलटून लावता का, पलीकडेही महत्त्वाचा मजकूर आहे. त्याने पलीकडे डोकावून पाहिलं. “हे कोण शेतस?” विचारलं, आणि सुटलेल्या कोपऱ्याला नवीन टेप लावली.
चौदा मान्यवर भिंतीकडे तोंड करून उभे आहेत. खाली संपादक.

११ ऑक्टोबर
दुसरी आवृत्ती निघतेय. डॉक्टर आले होते, घरी पहिल्यांदाच. चहा घेतला. माझ्याशी आदराने बोलले, माझं संपादकीय वाचायचं राहिलंय म्हणाले. मग दगूबाईला म्हणाले, ताई, या वेळी साधाच कागद घेऊ, मागची बाजू कोरी ठेवू, स्वस्त पडेल. नवापूरकडेही पाठवायचंय.
तेवढ्यात प्रेसवरून नासिरभाईंचा फोन. दगूबाईने स्पीकरवर टाकला. ते विचारत होते, छापण्याआधी पान एकदा तपासायला गुरुजींकडे पाठवू का.
मी चष्मा पुसायला घेतला.
दगूबाई फोनमध्ये म्हणाली, “नको. त्यासले येळ लागस.”