शेवटच्या तीन आंबट बाटल्यांची व्यवस्था

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, अविवाहित, पाणी तपासणी प्रयोगशाळेची निवृत्त प्रमुख, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि चष्मा पुसून लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो देताना ते म्हणाले, "नाही म्हणायची माझी हिंमत आहे का?" हे वाक्य दाखल्यात नाही, म्हणून इथे नोंदवले. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. दडपण आणायचे काम आजवर मीच केले आहे. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते मी आंबट बिअर चाखण्याआधी केले होते आणि तेव्हा मला काही कळत नव्हते.

कलम १. राहते घर, तीन खोल्या आणि जिन्याखालच्या थंड कपाटासह, माझ्या भाचीला, म्हणजे धाकट्या भावाच्या मुलीला द्यावे. कपाटात चपला ठेवू नयेत. तिथे उन्हाळ्यातही पारा अठराच्या वर जात नाही. अशी जागा चपलांवर वाया घालवणारी बाई माझी वारस असू शकत नाही.

कलम २. बँकेतील ठेवी निम्म्या भाचीला आणि निम्म्या प्रयोगशाळेला द्याव्यात. प्रयोगशाळेने त्यातून नवा तराजू घ्यावा. पडदे घेतल्यास देणगी परत घ्यावी.

कलम ३. धाकट्या भावाला मोरीची पितळी जाळी द्यावी. कारण त्याला ठाऊक आहे. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: सहा वर्षांपूर्वी मी अंघोळीला गेले असताना त्याने माझी धणे आणि मीठ घातलेली, मुद्दामच आंबट बनवतात ती बिअर त्या जाळीतून ओतून दिली. ती मला सात दुकाने पालथी घातल्यावर मिळाली होती. वर म्हणतो कसा, "ताई, बरं झालं मी आधी वास घेतला, नाहीतर तू प्यायली असतीस!" त्याचा हेतू चांगला होता, हेच मला अजून सहन होत नाही. बाकी त्याच्यावर माझा जीव आहे. वडिलांचे घड्याळही त्यालाच द्यावे.

कलम ४. माझा पीएच मीटर, सहा उंच ग्लास आणि निळी वही भाचीला द्यावी. वहीत अकरा वर्षांतील शोधमोहिमांची नोंद आहे. कोणत्या दुकानात काय विचारावे, कोणत्या फ्रिजच्या तळाशी हात घालावा, कोणता दुकानदार "आंबट आहे" म्हणून सरबत गळ्यात मारतो, सगळे तारखेसह आहे. नियम एवढाच की आवडली तर तिथल्या तिथे दोन घ्याव्यात. पुढच्या खेपेला ती नसते. लोक एक घोट घेतात, खराब झाली म्हणून परत आणतात, दुकानदार मागवणे बंद करतो आणि मग आपण बसने तालुके पालथे घालतो. लाल रंगाची, लाकडी पिंपात मुरवलेली एक होती, तिच्या कारखान्याने खप वाढवण्यासाठी साखर घातली. त्या पानावर मी काळी चौकट आखली आहे.

कलम ५. आता कबुली.

निवृत्तीच्या वर्षी मी कोपऱ्यावरच्या दुकानातून चेरीच्या बिअरच्या दोन बाटल्या आणल्या. बूच तारेने बांधलेले, लेबलवर लाल टोपीतला बगळा. एक घोट घेतला आणि ती नासली आहे अशी माझी खात्री झाली. दुसरी कोणी असती तर ओतून मोकळी झाली असती. मी बाटल्या प्रयोगशाळेत नेल्या. पीएच ३.३२ आला. मी कार्यालयाच्या कागदावर अहवाल टाईप केला, "नमुना आंबलेला, सेवनास अयोग्य", आणि शिक्का मारून दुकानदाराला दिला. खासगी कामासाठी वापरलेला हा माझ्या नोकरीतील एकमेव कागद. दुकानदाराने घाबरून सगळा माल परत पाठवला. पुरवठादाराने आमच्या भागात ती पाठवणेच बंद केले.

न उघडलेली दुसरी बाटली नियमाप्रमाणे तीस दिवस राखून ठेवली होती. एकतिसाव्या दिवशी नमुना नष्ट करायचा असतो. नष्ट करण्यापूर्वी मी वास घेतला. मग का कोण जाणे, उभ्यानेच घोट घेतला. कानामागे झिणझिण्या आल्या, डोळ्यांत पाणी आले, आणि त्या आंबटपणाच्या पाठोपाठ चेरी आली, ओले लाकूड आले, आणि मी मोठ्याने हसले. दाराबाहेरून शिपाई म्हणाला, "मॅडम, काही फुटलं का?" मी म्हटले, "नाही. नमुना नष्ट करतेय." पूर्ण नष्ट केला.

त्याच संध्याकाळी दुकानात धावले. "मॅडम, तुमच्याच अहवालानं परत गेली ना," दुकानदार म्हणाला. "वरच्या मजल्यावरचे घड्याळजी तेवढे दर आठवड्याला न्यायचे. बिचारे दोनदा येऊन गेले."

घड्याळजी म्हणजे आमच्या इमारतीत घड्याळे दुरुस्त करणारे विधुर गृहस्थ. तेव्हापासून आम्ही दोघे मिळून आंबट बिअर शोधतो आणि मिळेल ती रविवारी सकाळी माझ्या टेबलावर पितो. बगळ्याचा कारखाना पुढे बंद पडला. घड्याळजी अधूनमधून म्हणतात, "कोणत्या तरी शहाण्यानं तक्रार केली म्हणे." मी म्हणते, "लोक काहीही करतात." अकरा वर्षे मी हेच म्हणत आले आहे. खरे सांगितले तर रविवार जाईल, या भीतीने.

कलम ६. गेल्या महिन्यात, बसने दोन तासांवरच्या एका किराणा दुकानात, व्हिनेगरच्या रांगेत मला बगळ्याच्या तीन बाटल्या सापडल्या. मी दुकानातच एक उडी मारली. या वयात गुडघ्याने साथ दिली याची नोंद घ्यावी. या तिन्ही बाटल्या माझ्या पश्चात घड्याळजींना द्याव्यात, कलम ५ च्या प्रतीसह. त्यांनी माफ करावे. नाही केले तरी मला कळणार नाही, अशी सोय मुद्दाम केली आहे.

कलम ७. अंमलबजावणी भाचीने करावी. शोकसभा नको. घेतलीच तर कोणी "गोड स्वभावाच्या होत्या" म्हणू नये.

पुरवणी, सह्यांपूर्वी लिहिलेली. साक्षीला दुकानदार आणि तळमजल्यावरची दातांची डॉक्टर यांना बोलावले होते. डॉक्टरणीकडे ऐन वेळी पेशंट आला म्हणून तिने परस्पर घड्याळजींना पाठवून दिले.

"तुम्हाला सही करता येणार नाही," मी म्हटले.

"का? अक्षर वाईट आहे माझं?"

"कायद्यात बसत नाही. ज्याला काही मिळणार, तो साक्षीदार नको."

"म्हणजे मला काहीतरी ठेवलंय!"

दुकानदार खो खो हसू लागला. माझ्यापुढे मार्ग उरला नाही. मी कागद पुढे केला. घड्याळजींनी डोळ्याला भिंग लावून कलम पाच आणि सहा वाचले, घड्याळाची चाके तपासावी तसे.

"तीन पूर्णांक बत्तीस," ते म्हणाले. "तुमचा अहवाल यांनी महिनाभर दुकानाच्या काचेवर चिकटवला होता, बाई. खाली तुमची सही. शहाणा, शहाणा म्हणून मी किती खडे टाकले!"

"मग बोलला का नाहीत?"

"रविवार गेला असता."

मी पेनाचे टोपण उलट्या टोकाला बसवले. असे नोकरीत एकदाही झाले नव्हते.

"आणि तुमच्या पश्चात म्हणजे काय? मी तुमच्याहून चार वर्षांनी मोठा आहे. द्या ते पेन. साक्षीदार झालो की मला काही मिळणार नाही ना? मग काढा बाटल्या."

सबब कलम ६ रद्द. वाटण्यासारखे काही शिल्लक राहणार नाही. सर्व सह्या बूच निघण्यापूर्वी होत आहेत; नंतर कोणी शंका काढू नये.

ठिकाण: माझे जेवणाचे टेबल
दिनांक: रविवार, ९ मार्च २०२५, सकाळी साडेअकरा

मृत्युपत्र करणारी: (सही)

साक्षीदार पहिला, कोपऱ्यावरचा दुकानदार: (सही) मॅडमनी आमच्यासमोर सही केली. मला अर्धाच ग्लास चालेल.

साक्षीदार दुसरा, वरच्या मजल्यावरचा घड्याळजी: (सही) समक्ष, राजीखुशीने. पुरे झालं लिहिणं, बाई.