खळ वाळेपर्यंत

रविवार, दि. १४, दुपार

प्रिय धाकट्या,

सप्रेम सलाम. तू, सूनबाई आणि लेकरं प्रभूच्या कृपेने सुखरूप असाल. इकडे सगळं ठीक. अक्षर वाकडं दिसेल. पेन नवं आहे.

दोन वर्षांनी पत्र आलं म्हणून दचकू नकोस. एक गंमत सांगायची आहे. गेल्या महिन्यात चर्चची चाळीस गीतपुस्तकं बांधायला घेतली होती. बाबांचा नियम तुला पाठ आहे: खळ लावलेलं पुस्तक रात्रभर दाबाखाली राहील, तोवर कोणी हात लावायचा नाही. मला पुढच्या कामाची घाई. दोन तासांत काढली. रविवारी मंडळी गायला उभी राहिली, पुस्तकं उघडली आणि पानं सगळ्यांच्या पायांशी! पाळकसाहेब म्हणाले, "आज ज्याला जे पान सापडेल, ते त्याने गावं." सगळे हसले. मीही हसलो.

घरी आल्यावर तुझी वहिनी म्हणाली, "कागदाला विसावा लागतो. तुम्ही तेवढे लोखंडाचे!"

मी चिडलो आणि त्याच दुपारी पुस्तकं पुन्हा शिवायला बसलो. सुई धरायला गेलो, तर बोटं मिटेचनात.

पेन नवं नाही, धाकट्या. हे डाव्या हाताने लिहितोय. उजव्याला पकड उरलेली नाही. डॉक्टर म्हणतात, नस दबली आहे, तीन महिने काम बंद.

तू रविवारी कामाला नाही म्हणालास, तेव्हा गिऱ्हाइकांसमोर मी ओरडलो होतो, "तू काय देवाचा जावई लागून गेलास?" तू एप्रन खुंटीला अडकवलास आणि निघून गेलास. तो अजून तिथेच आहे.

रोज रात्री मी प्रार्थनेत सगळं प्रभूच्या हाती सोपवायचो आणि सकाळी उठून परत काढून घ्यायचो. जग घडवून झाल्यावर त्यानेही सातव्या दिवशी हात थांबवले. मला मात्र वाटायचं, मी थांबलो तर सगळं कोसळेल. दुकान तीन आठवडे बंद आहे आणि सूर्य माझी चौकशी न करता उगवतो. आधी अपमान वाटला. आता हायसं वाटतं.

मी चुकलो. एवढं लिहायला दोन वर्षं आणि एक हात गेला.

ये. कामासाठी बोलावतोय असं तुला वाटेल, म्हणून रविवारीच ये. दुकानाला कुलूप असेल. नुसते बसू. पुस्तकांचं सोमवारी बघू, तेही तुला वाटलं तर.

डाव्या हाताने, पण घाई न करता,
तुझा दादा