बातमीच्या मागचा रस्ता

प्रिय मोनिका,

टेंभुर्णीची पायल सोमवारी कझानला परत निघाली आहे, तिच्याजवळ हे पत्र देतोय. फोनवर तू घाईने हसतेस आणि मी बोलायचं ते विसरतो. सभेत दोन-दोन तास बोलणाऱ्या माणसाची ही गत.

इकडे परतूरला कापसाची खरेदी जोरात आहे. आई बरी आहे, फक्त माझ्यावर चिडलेली असते. तू डॉक्टरकी शिकायला रशियात गेलीस, तेव्हापासून मला तिथल्या सरकारी चॅनेलचं वेड लागलं आहे. जेवतानाही मोबाईल समोर असतो. आई म्हणते, "त्या गोऱ्या बाईला काय बघून राह्यलात? भाकर गार झाली." हॉटेलवाला माऊली तर चारचौघांत विचारतो, "सर, तिकडून पगार चालू झाला का?" हसू दे त्याला. खोटं नीट ऐकल्याशिवाय खोट्याशी भांडता येत नाही, हे मी आयुष्यभर सांगत आलो. म्हणून इंग्रजांचं, अमेरिकेचं, कतारचंही चॅनेल लावतो. एकाच पडलेल्या इमारतीच्या चार बातम्या होतात आणि प्रत्येक जण आपल्या सोयीची भिंत दाखवतो. भाषणात मी पोरांना सांगतो, बोलणाऱ्याचं तोंड पाहू नका, त्याच्या मागे काय आहे ते पाहा.

पण तुला म्हणून सांगतो, त्या बाईच्या मागे मी दुसरंच काही शोधत असतो. कधीतरी ती तुझ्या कझानहून बोलते. मागून लाल ट्राम जाते, बर्फातून माणसं चाललेली असतात. मी चित्र थांबवतो, बोटांनी मोठं करतो. खांदे पाडून चालणारी एखादी पोरगी दिसली की चित्र मागे नेऊन पुन्हा बघतो. तुझी चाल मी लाखांत ओळखीन. अजून दिसली नाहीस.

याच सवयीने मी तुझे रविवारचे फोनही बघायला लागलो. पूर्वी तू मोबाईल घेऊन हिंडायचीस, मेस दाखवायचीस, खोलीतल्या मैत्रिणींना माझ्याशी मराठी बोलायला लावायचीस. दिवाळीपासून मागे एकच पिवळी भिंत आहे आणि खिळ्याला टांगलेला तुझा पांढरा अ‍ॅप्रन. त्याची एक बाही दुमडलेली. दर रविवारी ती तशीच दुमडलेली असते, पोरी. रोज अंगात घालायचा अ‍ॅप्रन असा राहत नाही. आणि परवा केस मागे घेताना तुझी बोटं दिसली, भांडी घासणाऱ्या बाईसारखी पाण्यात राहून राहून फुटलेली.

कॉलेज सुटलं आहे ना? का सुटलं, हे विचारायला पत्र लिहिलेलं नाही. आईला सांगितलं तेव्हा ती पीठ मळता मळता म्हणाली, "मंग बोलवा की तिला. कशाची वाट बघून राह्यलात?" म्हणून लिहितोय. निघून ये. स्टेशनवर मी एकटाच येईन. लोकांनी विचारलं तर त्यांना मी बघून घेईन, एवढी वर्षं बोलायला शिकलो ते कशासाठी? तुला मात्र काही विचारणार नाही. तुझी बॅग घेईन आणि आपण चालत घरी जाऊ.

तुझाच,
बाबा